कोकराचा चेहरा

जानेवारी २०२० मध्ये एका कोकराचा चेहरा जगभर फिरला. बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या सेंट बाव्हो कॅथेड्रलमध्ये जवळपास सहाशे वर्षांपूर्वीचं एक भलंमोठं वेदीचित्र आहे. त्याच्या मधोमध वेदीवर उभं असलेलं हे कोकरू. चित्राची सफाई झाली, आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो कुणीतरी शेजारी शेजारी लावले आणि लोक हसत सुटले. आधीचं कोकरू गरीब, सौम्य, चारचौघा कोकरांसारखं. नंतरचं मात्र दोन्ही डोळे आपल्यावर रोखून बघणारं. नाकपुड्या ठळक, ओठ गुलाबी आणि घट्ट मिटलेले. मेंढराच्या तोंडावर माणसाची नजर. 'चांगल्या चित्राची वाट लावली' असं म्हणून अनेक जण मोकळे झाले. स्पेनमधल्या बोर्खा गावात २०१२ साली एका वयस्कर बाईंनी ख्रिस्ताच्या भित्तिचित्राची डागडुजी करताना त्याचा चेहरा ओळखू येईनासा केला होता. त्याच माळेत गेंटचं कोकरूही ओवलं गेलं.

वस्तुस्थिती नेमकी उलटी होती. लोक ज्या चेहऱ्यावर हसत होते तो मूळ चित्रकार यान व्हान आयकच्या कारागिरीचा, १४३२ सालचा. ज्या चेहऱ्याची त्यांना हळहळ वाटत होती तो शंभरेक वर्षांनी, सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, दुसऱ्याच कुणीतरी त्यावर चढवलेला. संवर्धकांनी नवं काही रंगवलं नव्हतं, वरचं काढलं होतं.

मला या प्रसंगाबद्दल लिहावंसं वाटतं कारण त्यात एक सार्वजनिक प्रश्न दडलेला आहे. जुन्या कलाकृतीवर काळानं आणि माणसांनी चढवलेला थर काढावा का? काढायचा तर ते कुणी ठरवायचं, आणि कशाच्या आधारावर? माझं उत्तर सुरुवातीलाच सांगते. गेंटमध्ये वरचं रंगकाम काढलं ते योग्यच झालं. जुनं म्हणून ते राखायला हवं होतं किंवा लोकांना सवय झाली होती म्हणून राहू द्यायला हवं होतं, हे दोन्ही युक्तिवाद मला पटत नाहीत. पण काढण्याचा हक्क आपोआप मिळत नसतो. तो गेंटमध्ये कसा मिळवला गेला, हे मला त्या चेहऱ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

आधी चित्राबद्दल. गेंटमधले एक धनिक योस फेइट आणि त्यांची पत्नी एलिझाबेथ बोर्लूट यांनी आपल्या चॅपेलसाठी हे चित्र करवून घेतलं. तेव्हा ते चर्च सेंट जॉनच्या नावाचं होतं. काम सुरू केलं ह्यूबर्ट व्हान आयकनं. १४२६ मध्ये तो गेला आणि त्याचा भाऊ यान यानं ते पुरं केलं. चौकटीवरच्या लॅटिन ओळी तसं सांगतात, आणि त्यातच १४३२ हे साल गुंफलेलं आहे. दारासारखे उघडणारे फलक, उघडल्यावर सुमारे साडेतीन मीटर उंची आणि साडेचार मीटरहून जास्त रुंदी. वरच्या रांगेत सिंहासनावर बसलेला देव, मरिया, बाप्तिस्मा देणारा योहान, गाणारे-वाजवणारे देवदूत, आणि दोन टोकांना नग्न आदम व हव्वा. खाली हिरवंगार कुरण, मध्ये वेदी, वेदीवर कोकरू, त्याच्या छातीतून निघालेली रक्ताची धार पेल्यात पडते आहे, आणि चारही बाजूंनी संत, हुतात्मे, यात्रेकरू, न्यायाधीश, योद्धे असे जथेच्या जथे तिकडे चालले आहेत.

हे चित्र समजायचं तर ते कशाचं बनलं आहे ते पाहावं लागतं. आपल्याकडे जवस म्हटलं की चटणी आठवते. फ्लँडर्समध्ये, म्हणजे गेंटच्या मुलखात, जवसाच्या झाडावर एक अख्खी संस्कृती उभी होती. देठातून लिननचा धागा निघे, बियांतून तेल. गेंट ज्या लाय नदीच्या काठी वसलं आहे तिच्या पाण्यात जवसाच्या पेंढ्या भिजत घालत. कापडाच्या व्यापारावर ही शहरं श्रीमंत झाली, आणि त्याच श्रीमंतीनं चितारी पोसले. यान व्हान आयकनं तैलरंगाचा शोध लावला, ही जॉर्जो वासारी या इटालियन चित्रकार-चरित्रकारानं सोळाव्या शतकात पसरवलेली गोष्ट खरी नाही. तेलात रंग खलण्याची कृती बाराव्या शतकातल्या थिओफिलस नावाच्या साधूनं लिहून ठेवलेली आहे. पण व्हान आयक आणि त्याच्या पिढीनं त्या तेलाकडून जे काम करून घेतलं ते आधी कुणी करून घेतलेलं दिसत नाही.

ओकच्या फळीवर खडू आणि सरस यांचं लिंपण. ते घासून घासून हस्तिदंतासारखं गुळगुळीत करायचं. त्यावर रेखाटन. मग जवसाच्या तेलात खललेल्या रंगाचे पातळ, पारदर्शक थर, एकावर एक. प्रकाश या थरांतून आत शिरतो, तळाच्या पांढऱ्या लिंपणावर आपटतो आणि त्याच वाटेनं रंग घेऊन परत येतो. म्हणून या चित्रांतली माणकं आतून पेटल्यासारखी दिसतात, मखमलीच्या घडीत खोली दिसते, जिरेटोपावर खिडकीचं प्रतिबिंब दिसतं. फ्लेमिश, म्हणजे फ्लँडर्सकडचं, चित्र म्हणजे खालून उजळलेलं चित्र.

आता विचार करा. अशा चित्रावर नंतर कुणी अपारदर्शक रंगाचा हात फिरवला तर काय होईल? खालची वाट बंद होते. प्रकाश आत जातच नाही. लाल झग्याचा लाल रंग राहतो, झग्याची खोली जाते. 'वरचा थरही इतिहास, खालचाही इतिहास, दोन्हींना मान द्या' असं जे म्हणतात त्यांना माझं उत्तर इथून सुरू होतं. वास्तूच्या बाबतीत हा विचार खरा असतो. यादवकाळी देवळाला पेशवाईत सभामंडप जोडला तर दोन्ही शेजारी शेजारी उभे राहतात, दोन्ही पाहता येतात. इथे शेजार नाही. एक थर दुसऱ्याला गाडतो, आणि गाडला जातो तो असा, ज्याचं सगळं बळ दिसण्यातच आहे. दोन्ही राखायचे म्हणजे प्रत्यक्षात एकच राखायचा.

आणि हे गाडणं किती होतं? बेल्जियमच्या रॉयल इन्स्टिट्यूट फॉर कल्चरल हेरिटेजनं २०१२ मध्ये काम हाती घेतलं तेव्हा मुख्य उद्देश पिवळं पडलेलं रोगण काढण्याचा होता. पाच वर्षांत सगळं उरकेल असा अंदाज. रोगणाचे थर उतरू लागले तसं संवर्धकांच्या लक्षात आलं की बाहेरच्या फलकांचा सुमारे ७० टक्के पृष्ठभाग नंतरच्या रंगाखाली आहे. विसाव्या शतकात या चित्रावर एवढा अभ्यास झाला, क्ष-किरण छायाचित्रं घेतली गेली, पण हे एवढ्या प्रमाणात कुणाला कळलं नव्हतं. कारण वरचं रंगकाम करणाऱ्यानं मूळ आकार बऱ्यापैकी गिरवले होते, रंगद्रव्यंही त्याच जातीची होती, आणि साडेचारशे वर्षांत त्याला मूळ चित्रासारख्याच भेगा पडल्या होत्या. पिढ्यानपिढ्या कलेचे अभ्यासक व्हान आयकच्या हाताबद्दल जे लिहीत आले त्यातलं बरंच त्या निनावी हाताबद्दल होतं.

त्या हाताला मी दोष देत नाही. मार्कस व्हान व्हार्नेवाइक या गेंटच्या इतिवृत्तकारानं नोंदवून ठेवलं आहे की १५५० मध्ये लान्सेलोट ब्लोंडेल आणि यान व्हान स्कोरेल या दोन नामवंत चित्रकारांनी हे चित्र साफ केलं, आणि ते इतक्या प्रेमानं की जागोजागी त्याची चुंबनं घेतली. वरचं रंगकाम त्यांचं की आणखी कुणाचं, हा वेगळा प्रश्न. पण ज्यानं केलं त्यानं चित्र वाचवायलाच केलं असणार. चित्राला घातक ठरलेली पुष्कळशी कामं प्रेमापोटीच झालेली आहेत, म्हणून हेतू चांगला होता एवढ्यावर निकाल देता येत नाही.

काढल्यावर काय सापडलं ते पाहिलं की मन थक्क होतं. या चित्राची सूक्ष्म छायाचित्रं इंटरनेटवर सर्वांसाठी खुली आहेत. रात्री घरची कामं आटोपल्यावर मी ती मोठी करून करून पाहत बसले आहे, कितीतरी वेळा. बाहेरच्या फलकांवर योस फेइट आणि एलिझाबेथ दगडी कोनाड्यांत गुडघे टेकून बसले आहेत. रंग उतरवल्यावर कोनाड्याच्या कोपऱ्यात जळमटं दिसली. जळमटं! देवाच्या दारी कायमचं बसायला मिळावं म्हणून ज्यांनी पैसे मोजले त्यांच्या डोक्यावर चित्रकारानं कोळ्याचं जाळं रंगवलं. नंतरच्या हाताला ते अनावश्यक वाटलं असेल, किंवा दिसलंच नसेल. त्यानं कोपरा सपाट रंगवून टाकला. फेइटच्या लाल झग्याच्या घड्याही अशाच सोप्या करून टाकलेल्या. चौकटींवर चांदीचा वर्ख देऊन वर दगडाचा भास रंगवलेला होता, तोही रंगाच्या थरांखाली गेलेला. चौकट आणि चित्र मिळून एकच दगडी खिडकी वाटावी अशी ती योजना होती, हे आता कळतं.

आणि कोकरू. १९५०-५१ मध्ये बेल्जियन संवर्धनतज्ज्ञ पॉल कोरेमान्स यांच्या देखरेखीखाली चित्रावर उपचार झाले तेव्हा कोकराच्या डोक्याभोवतीच्या प्रभावळीतला थोडा जुना रंग काढला गेला आणि खालून मूळ कान वर आले. डोक्याला हात लावायचा नाही असं ठरलं. म्हणून सुमारे सत्तर वर्षं जगातल्या या अतिप्रसिद्ध कोकराला चार कान होते. दोन व्हान आयकचे, दोन नंतरचे. लोक येत, बघत, जात. 'दोन्ही थरांना मान द्या' या विचाराचं चित्रातलं रूप हेच, चार कानांचं कोकरू.

आता विरोधी बाजू. ती मला हलक्यानं घ्यायची नाही, कारण माझ्या ओळखीतल्या चित्रकार मंडळींतही ती मांडणारे आहेत.

पहिला आक्षेप भाविकाच्या बाजूनं येतो. हे काही संग्रहालयातलं चित्र नाही. चर्चमधलं आहे, त्याच्यासमोर प्रार्थना झाली आहे. चारशे-साडेचारशे वर्षं लोकांनी ज्या चेहऱ्याकडे बघून हात जोडले तो चेहरा खोटा म्हणायचा? महाराष्ट्रातल्या वाचकाला हा प्रश्न नवा नाही. २०२२ मध्ये वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदराचा लेप काढला गेला आणि खालचं मूळ रूप समोर आलं तेव्हा कित्येकांना भरून आलं, तर कित्येकांना आपली ओळखीची देवी कुठे गेली असं वाटलं. मला दोन्ही भावना खऱ्या वाटतात. पण दोन्हींकडच्या थरांत फरक आहे. शेंदूर पूजेचा भाग असतो. तो चढवणं हीच सेवा, आणि तो पुन्हा चढणार असतो. गेंटमधलं रंगकाम हा कुणाचा विधी नव्हता. ती दुरुस्ती होती, आणि दुरुस्तीला एकच कसोटी लावायची: तिनं वस्तूला तिच्या मूळच्या जवळ नेलं की लांब?

शिवाय ते मूळ रूप भक्तीला परकं आहे का? उलट आहे. वेदीवरचं कोकरू म्हणजे ख्रिस्त, बळी जाणारा. व्हान आयकनं त्याला अजाण जनावर केलं नाही. आपल्या छातीतून रक्त वाहतं आहे हे त्याला ठाऊक आहे आणि ते आपल्याकडे बघतं आहे. एवढा मोठा मेळा त्याच्याभोवती जमला आहे, पण त्याची नजर चित्रातल्या कुणावरही नाही, बाहेर उभ्या असलेल्या माणसावर आहे. पंधराव्या शतकातल्या गेंटकराला ती नजर सोसवत असे, तिची गरज वाटत असे. पुढच्या शतकातल्या कुणाला ती जास्त झाली आणि त्यानं डोळे बाजूला वळवले, चेहरा मवाळ केला. आपण त्या मवाळपणालाच चित्रकाराची शैली समजून बसलो. २०२० मध्ये लोक हसले ते मला समजतं. अशा नजरेसमोर अवघडायला होतं आणि अवघडलेला माणूस हसतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. तो असा: आज तुम्ही खात्रीनं जे काढता आहात ते उद्या चूक ठरलं तर? रोगण पुन्हा लावता येतं, स्काल्पेलनं, म्हणजे शस्त्रक्रियेच्या बारीक सुरीनं, खरवडलेला रंग परत येत नाही. संवर्धनाच्या इतिहासात अशा खात्रीच्या खुणा जागोजागी आहेत. अजिंठ्याचंच घ्या. १९२० च्या सुमारास निजाम सरकारनं लोरेंझो चेक्कोनी या इटालियन तज्ज्ञाला बोलावलं. त्याच्या चमूनं निखळणारे पोपडे जागी बसवले, पण चित्रांवर लाखेचं रोगण लावलं. त्या वेळी ते उत्तम साधन समजलं जाई. पुढे ते रोगण पिवळं पडलं, तडकलं, त्यानं धूळ आणि काजळी धरून ठेवली, आणि ते उतरवण्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना अनेक दशकं खपावं लागलं. चेक्कोनी अडाणी नव्हता. आपल्या काळातलं सर्वोत्तम ज्ञान घेऊन आला होता. उद्या आपल्याबद्दलही कुणी हेच लिहील.

म्हणून मी म्हणते की प्रश्न 'काढावं की राखावं' एवढ्यावर सुटत नाही. काढण्याची रीत काय, यावर सगळं येऊन ठेपतं. गेंटमध्ये रीत अशी होती. रंगाखाली रंग आहे हे कळल्यावर काम थांबवून आधी तपासणी झाली. अँटवर्प आणि गेंट विद्यापीठांतल्या शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं पृष्ठभागावरच्या मूलद्रव्यांचे नकाशे काढले. कुठल्या थरात कुठलं रंगद्रव्य आहे ते कळलं. जागोजागी नखाएवढ्या खिडक्या उघडून खालचं चित्र शाबूत आहे का ते पाहिलं. बहुतेक ठिकाणी ते आश्चर्य वाटावं इतकं शाबूत निघालं, आणि हीच निर्णायक गोष्ट ठरली. खाली काही उरलंच नसतं तर वरचं काढण्याला अर्थ नव्हता. मग देशोदेशीच्या तज्ज्ञांच्या समितीपुढे हे सगळं मांडलं गेलं, तिथे ऊहापोह झाला, आणि त्यानंतर स्काल्पेल हातात घेतलं गेलं. सूक्ष्मदर्शकाखाली, मिलिमीटर मिलिमीटर करत. दुसऱ्या टप्प्यात हेलेन द्युब्वा यांच्या नेतृत्वाखालच्या चमूनं कुरणाचा मधला फलक आणि त्यावरचं कोकरू असंच उघडं केलं.

आणि हे सगळं लोकांच्या डोळ्यांदेखत. गेंटच्या ललितकला संग्रहालयात काचेची भिंत उभारून काम केलं गेलं. तिकीट काढून आत गेलेला कुणीही, शाळेची पोरंसुद्धा, संवर्धकांना वाकून काम करताना पाहू शकत होता. आधीची, मधली आणि नंतरची छायाचित्रं सर्वांसाठी खुली केली गेली. म्हणजे काढलेला थरही पुरता नाहीसा झाला नाही. त्याची नोंद आहे, प्रतिमा आहे, नमुने आहेत. उद्या कुणाला हा निर्णय चुकीचा वाटला तर त्याच्या हातात पुरावा असेल. चेक्कोनीच्या मागून येणाऱ्यांना तो इतका नीट मिळाला नव्हता. दुसऱ्या आक्षेपाला मी एवढंच उत्तर देऊ शकते: चूक होण्याची शक्यता शून्यावर आणता येत नाही, पण ती झाकून ठेवायची की उघड्यावर मांडायची हे आपल्या हातात असतं.

बंद दाराआड, एखाद्याच्याच मर्जीनं काय होऊ शकतं हे या चित्राइतकं दुसऱ्या कशानं अनुभवलं नसेल. १५६६ च्या मूर्तिभंजनात प्रोटेस्टंट जमावापासून वाचवायला ते कॅथेड्रलच्या मनोऱ्यात लपवलं गेलं. १७९४ मध्ये फ्रेंच फौजांनी मधले फलक पॅरिसला नेले, नेपोलियनच्या पराभवानंतर १८१५ मध्ये ते परतले. पण लगेच पुढच्या वर्षी चर्चमधल्याच एका अधिकाऱ्यानं बाजूचे फलक व्यापाऱ्याला विकून टाकले. फिरत फिरत ते प्रशियाच्या राजाकडे, बर्लिनला गेले. बर्लिनच्या संग्रहालयात १८९४ मध्ये काय केलं, तर हे दोन्ही बाजूंनी रंगवलेले फलक जाडीतून उभे करवतून टाकले. एका फळीच्या दोन फळ्या. पुढचं आणि मागचं चित्र एकाच वेळी भिंतीवर मांडता यावं म्हणून! दार उघडणं आणि मिटणं हाच ज्या चित्राचा प्राण, त्याचं दारपण घालवलं, तेही प्रेक्षकांची सोय म्हणून. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहातल्या कलमानुसार जर्मनीनं ते फलक परत केले. १९३४ च्या एप्रिलमध्ये एका रात्री दोन फलक चोरीला गेले. एक परत आला. 'न्यायी न्यायाधीशां'चा फलक आजतागायत सापडलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी उचललेलं हे चित्र १९४५ मध्ये ऑस्ट्रियातल्या आल्टआउसेच्या मिठाच्या खाणीतून बाहेर काढलं गेलं.

चोरीला गेलेल्या फलकाच्या जागी आज जी नक्कल आहे ती येफ व्हान डर व्हेकेन यांनी केलेली. एका न्यायाधीशाला त्यांनी बेल्जियमचा तेव्हाचा राजा तिसरा लिओपोल्ड याचा चेहरा दिला, असं म्हणतात. हेच व्हान डर व्हेकेन जुन्या फ्लेमिश चित्रांची अशी बेमालूम 'दुरुस्ती' करत की मूळ किती आणि त्यांचं किती हे शोधायला पुढच्या संशोधकांना प्रयोगशाळा गाठावी लागली. एकाच माणसाच्या हाताची ही दोन कामं माझा मुद्दा माझ्यापेक्षा नीट सांगतात. कॅथेड्रलमधली नक्कल मला अजिबात खटकत नाही. ती नक्कल आहे हे सर्वांना माहीत आहे, रिकाम्या जागेची ती उघड भरपाई आहे. खटकतं ते न सांगता मिसळलेलं काम. गेंटच्या सोळाव्या शतकातल्या रंगकामाची अडचणही तीच होती. ते चित्रात विरघळून गेलं होतं आणि व्हान आयकच्या नावावर जगत होतं.

हाच निकष मला फळीवरून उचलून थेट फ्लेमिश चित्रकलेच्या इतिहासाला लावावासा वाटतो, कारण त्यावरही असे हात फिरलेले आहेत. 'फ्लेमिश' हा शब्दच घ्या. पंधराव्या शतकात फ्लँडर्स हा एक परगणा होता, गेंट आणि ब्रुज त्यात. ब्रसेल्स, लूव्हेन, अँटवर्प ही ब्रबांत नावाच्या वेगळ्या डचीमधली, म्हणजे ड्यूकच्या मुलखातली, शहरं. इटालियन लोक त्या साऱ्या मुलखातल्या माणसांना सरसकट फ्लेमिश म्हणत आणि ते नाव चिकटलं. रोगीर व्हान डर वायडेनचा जन्म फ्रेंचभाषक तूर्नेचा, तिथे त्याचं नाव रोजे द ला पास्त्यूर. हान्स मेमलिंग जर्मनीतल्या झेलिगेनश्टाटचा, १४६५ मध्ये ब्रुजचा नागरिक झाला. पेटर पॉल रूबेन्स जन्मला जर्मनीतल्या झीगेनमध्ये. बेल्जियम हा देश तर १८३० चा. १९०२ साली ब्रुजमध्ये या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं, गर्दी लोटली, आणि 'फ्लेमिश आद्य चित्रकार' हे एका राष्ट्राचं, एका मातीचं वैभव म्हणून लोकांच्या मनात ठसलं. आमच्या काळात, २०१८ ते २०२०, फ्लँडर्सच्या सरकारनं रूबेन्स, ब्रॉयगल आणि व्हान आयक यांच्या नावानं एकेक वर्ष साजरं करून पर्यटकांना साद घातली. त्यात गैर काही नाही. पण ज्या शहरांत कापड, पैसा, भाषा आणि कारागीर चारी दिशांनी येत होते, त्या वाहत्या व्यवहारातून ही चित्रकला झाली. तिला एका भाषेच्या सीमेत बसवणं हे वरून फिरवलेलं रंगकाम आहे.

तो व्यवहार किती दूर पोहोचला होता याची एक खूण आपल्या जवळची आहे. गोव्याहून निघालेले जेझुइट पाद्री १५८० मध्ये फत्तेपूर सिक्रीला अकबराच्या दरबारी पोहोचले. त्यांनी सोबत नेलेला बहुभाषी बायबलचा संच अँटवर्पमध्ये क्रिस्तोफ प्लांतँच्या छापखान्यात छापलेला होता. त्यातल्या कोरीव मुखपृष्ठांवरून मुघल चितारी शिकले, त्यांतल्या आकृती त्यांनी आपल्या चित्रांत आणल्या.

दुसरा हात फिरला तो बायकांच्या नावांवर. ब्रसेल्समध्ये सतराव्या शतकात मिखाएलिना वौटिएर नावाची चित्रकर्ती काम करत होती. व्हिएन्नात तिचं 'बाखसची मिरवणूक' (बाखस म्हणजे रोमन मद्यदेव) हे साडेतीन मीटर रुंदीचं चित्र आहे. स्त्रियांनी फुलं आणि फळं रंगवावीत असं मानण्याच्या काळात तिनं उघड्या अंगाच्या पुरुषांचा हा घोळका रंगवला. आर्चड्यूक लिओपोल्ड विल्हेल्मच्या संग्रहाच्या १६५९ च्या यादीत हे चित्र तिच्याच नावावर नोंदलेलं आहे. पुढे ते नाव गळलं, चित्र इतरांच्या खात्यावर गेलं, कारण एवढं मोठं, असं बेधडक चित्र बाईनं केलं असेल हे कुणाच्या गळी उतरेना. अँटवर्पमध्ये २०१८ साली तिच्या चित्रांचं पहिलं स्वतंत्र प्रदर्शन झालं, त्यामागे कातलाइन व्हान डर श्टिखेलेन या अभ्यासिकेची अनेक वर्षांची मेहनत होती. चित्राच्या उजव्या कडेला एक स्त्री आहे, एक स्तन उघडा, घोळक्यात असून घोळक्यापासून अलिप्त. ती चित्रकर्ती स्वतः, असं मानतात. आणि तीही थेट आपल्याकडे बघते आहे, गेंटच्या कोकरासारखी. इथे स्काल्पेलचं काम जुन्या याद्यांनी केलं, पण रीत तीच. आधी पुरावा, मग सवयीच्या नावाला धक्का.

'आता कशाला उकरायचं? चित्र सुंदर आहे ना, मग कुणी का काढलेलं असेना,' असं म्हणणाऱ्यांना मी विचारते, तुमचं काम दुसऱ्याच्या नावावर चारशे वर्षं चालवलं तर तुम्हाला चालेल का?

गेंटचं काम अजून संपलेलं नाही. पाच वर्षांत उरकेल म्हणून २०१२ मध्ये सुरू झालेल्या कामाचा तिसरा टप्पा २०२३ मध्ये सुरू झाला. आता वरच्या रांगेची पाळी. खर्च वाढला, वेळ वाढला, आणि त्याबद्दल कुरकुर करणारे तिथेही आहेत. मला मात्र हा उशीर विश्वासाचा वाटतो. ज्यांना घाई असते ते फळी करवतून मोकळे होतात. वरच्या फलकांवर काय निघेल आणि काय राहू दिलं जाईल हे संवर्धक आधी पाहतील, नोंदवतील, समितीपुढे ठेवतील. आणि तोवर संग्रहालयात काचेच्या अलीकडे उभं राहून लोक बघत असतील, पलीकडे कुणीतरी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोहरीएवढ्या जागेवर सकाळपासून बसलेलं असेल.